न कापलेली पानं

परवा एका कलादालनात प्रयोगशील लेखनाचा पुरस्कार सोहळा होता. ज्या लेखिकेला तो मिळाला, तिने एका चित्रकाराच्या रिकाम्या खोलीवर पुस्तक लिहिलंय आणि पुस्तकही चित्रासारखंच घडवलंय. त्याच्या पानांच्या कडा मुद्दाम बंद ठेवल्यात. वाचायचं तर सोबत मिळणाऱ्या लाकडी सुरीने एकेक पान कापत जायचं.

परीक्षकांनी आपली प्रत उंच धरली. "यातलं मौन मला आतून हलवून गेलं," ते म्हणाले. मी पहिल्याच रांगेत होते. प्रतीची एकही कड कापलेली नव्हती.

शेजारच्या बाईंना मी हळूच म्हटलं, "अहो, यांनी पुस्तक उघडलेलंच नाही."

"तोही प्रयोगच असेल हो," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मला या कौतुकाचाच संशय येतोय. कुणी काही वेगळं लिहिलं की आपण इतक्या घाईने त्याला शाल का पांघरवतो? एकदा सत्कार उरकला की वाचण्यातून सुटका होते, म्हणून तर नव्हे?

शेवटी परीक्षकांनी तीच प्रत सहीसाठी लेखिकेपुढे केली. तिने सवयीने कडेवरून अंगठा फिरवला आणि क्षणभर थांबली. मग सही केली, पिशवीतून एक लाकडी सुरी काढली आणि प्रतीवर ठेवून म्हणाली, "ही तुमच्याकडे पोचली नव्हती वाटतं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सुरी काखेत धरून परीक्षकांनीही टाळ्या वाजवल्या.