दाजींचं माप

कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत दारात आलेल्या गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेऊन, पटलं नाही तर त्याला वाटेला लावून, वर धंदाही चालवून दाखवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला आहे. आमचे दाजी. देहूरोडच्या लष्करी डेपोत टर्नर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाले त्याच आठवड्यात कामशेतला घरामागे पत्र्याची शेड टाकली, लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन आणून बसवलं आणि बाहेर पाटी लावली, ‘येथे कोणतीही वस्तू करून मिळेल.’ पाटीत ‘कारण पटल्यास’ हे दोन शब्द राहून गेले आहेत. बाकी पाटी खरी आहे.

गिऱ्हाईक आलं की दाजींचा पहिला प्रश्न असतो, “कशासाटी?” नुसता नट हवा असला तरी तो कुठल्या यंत्राचा, ते यंत्र काय करतं, कोण चालवतं आणि पहिला नट का गेला, हे सगळं सांगावं लागतं. मी लोणावळ्यात एका रिसॉर्टवर मॅनेजर आहे. मुंबईचे बंगलेवाले मला विचारतात, “इकडे लोखंडाचं काम कोण करतं हो?” मी दरवेळी कानाला खडा लावतो आणि दरवेळी दाजींचंच नाव सांगून बसतो. तुंगार्लीच्या एका साहेबांना गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा हवा होता, पायाखाली बाण असलेला. मी त्यांना शेडवर घेऊन गेलो.

“वारं कुटनं येतंय ते कळत न्हाई का तुमाला?” दाजींनी विचारलं.

“कळतं हो. शोभेसाठी पाहिजे.”

“म्हंजी फिरला न्हाई तरी चालंल?”

“चालेल की.”

“मग न्हाई जमायचं. वारं हिकडनं आन् बाण तिकडं? खोटं बोलनारी वस्तू मी करत न्हाई.”

साहेबांनी घाईघाईने ‘बरं, फिरणारा करा’ म्हणून टाकलं आणि तिथेच ते फसले. दाजींनी कोंबड्याच्या पायात दोन बेअरिंगं बसवली. आता तो इतका हलका फिरतो की खाली कुणी शिंकलं तरी दचकतो, आणि पावसाळ्यात तर पंख्यासारखा गरगरत असतो, दिशा दाखवायला म्हणून थांबतच नाही. साहेब तक्रार घेऊन आले तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, “लोनावळ्याच्या वाऱ्याचं सवताचंच काय ठरल्यालं न्हाई. त्याला कोंबडं काय करंल?”

वस्तू मोडणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. एका होळीच्या आदल्या दिवशी ताईच्या पुरणयंत्राचा दांडा तुटला. बाजारात नवं यंत्र मिळत होतं, पण घरात टर्नर असताना बाजारातून दांडा आणायचा म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं? दाजींनी पोलादाचा दांडा केला. तो इतका दणकट झाला की त्याने यंत्राचंच भांडं तडकवलं. मग भांडं जाड पत्र्याचं केलं. त्याच्या वजनाने टेबलाची फळी उखडली. मग लोखंडी अँगलचं टेबल आलं, ते पुरण वाटताना ताईसकट सरकू लागलं, म्हणून शेवटी ते चार बोल्टांनी फरशीत आवळलं. त्या वर्षी पुरणपोळ्या रंगपंचमीला झाल्या. ताईला आता हवापालटाला म्हणून ओटा दुसऱ्या भिंतीला घ्यायचा आहे, पण पुरणयंत्र परवानगी देत नाही.

आणि व्हर्नियर! मापाची ती सरकत्या जबड्याची पोलादी पट्टी दाजींच्या शर्टाच्या खिशात पेनासारखी असते. माझ्या लग्नात सोनाराच्या आधी त्यांनी माझं बोट मोजलं होतं. जेवताना पापड आवडला तर ते जाडी बघतात. “लग्नानंतर तिसऱ्या दिवशी,” ताई सांगते, “ह्यांनी मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या मोजल्या आणि म्हणाले, डावी अर्ध्या मिलिमीटरनं लहान हाय. तेव्हाच मी ओळखलं, आपलं पुढं काय होणार.” या रागापायी म्हणा किंवा शेडमधल्या तेलाच्या वासापायी म्हणा, शेड टाकल्यापासून अकरा वर्षांत तिने तिच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. चहा झाला की ती मागच्या दारातून ताट वाजवायची आणि दाजी जायचे.

दोन वर्षांपूर्वी, भातं पिवळी पडायला लागली होती तेव्हा, वडिवळ्याचे एक आबा विळा घेऊन शेडवर आले. मी तिथेच बसलो होतो. त्यांना विळ्याच्या मुठीला लोखंडी कडं बसवून पाहिजे होतं. दाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कशासाटी?” आबांनी उजवा हात वर केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच शिल्लक होतं. बाकीची तीन बोटं वैरणीच्या कुट्टी यंत्रात गेली होती.

“सुना म्हनत्यात, आबा, तुमी बांधावर बसा, आमी कापतो,” आबा म्हणाले. “तितं नुसतं बसून काय करू, मिस्त्री? विळा धरला की निसटतो. तेवढा हाताला धरून राहिला म्हंजी झालं.”

दाजींना कारण इतकं पटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते वडिवळ्याला जाऊन बांधावर बसले, आबा कसे वाकतात, मनगट कुठं वळतं ते बघत राहिले. आबांच्या पंज्याची बारा मापं घेतली. आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. शेवटी स्टीलचं एक गुळगुळीत, बाकदार कडं तयार झालं. मी तरी लोखंडाची इतकी देखणी वस्तू पाहिली नव्हती. आबा ते घालून विळ्यासकट एसटीत बसले तेव्हा शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला म्हणे.

केलेली वस्तू चार दिवसांनी जाऊन बघायची, ही दाजींची जुनी खोड. सासरी दिलेल्या मुलीची खबर घ्यावी तसे ते जातात. माझ्याच स्कूटरवर आम्ही वडिवळ्याला गेलो. आबा शेतात होते. एक वाफा त्यांनी एकट्याने कापला होता. पण कड्याच्या आत त्यांनी चिंधी गुंडाळली होती आणि ती लाल झाली होती.

दाजींनी त्यांचा हात हातात घेतला. कडं सोडवलं, खिशातून व्हर्नियर काढून लावलं, मग ते माझ्यापुढे धरलं. “पाव्हणं, वाचा.”

मी वाचलं. दाजींनी ठरवलेल्या मापापेक्षा कडं दोन मिलिमीटरने लहान होतं.

“आबा, चार दिस झाले. बोललासा का न्हाई?”

“मला वाटलं माझाच हात सुजला,” आबा म्हणाले. “मिस्त्रीचं माप चुकंल व्हय?”

घरी आल्यावर दाजींनी व्हर्नियर पेटीत घातलं, पेटी फडताळात ठेवली आणि शेडला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी ताईने मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्यांना जवळजवळ उचलून तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून आहे ती सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. दाजींना हे वर्षभर जाणवत होतं. माणसं दिसत होती, मशीन दिसत होतं, फक्त पट्टीवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या, आणि ते कुणाला सांगायचं म्हणजे काय! माझ्या भाच्याने, म्हणजे त्यांच्याच मुलाने, लगेच मोठे आकडे दाखवणारं बॅटरीचं व्हर्नियर आणून दिलं. दाजींनी ते हातात धरलं, दोनदा उघडमीट केली आणि परत दिलं. “ह्ये आकडा सांगतंय. माप सांगत न्हाई.” आणि ते कुलपाकडे पाठ करून बसले.

तिकडे आबांचं भात उभं होतं. चौथ्या दिवशी ताईने फडताळातून पेटी काढली, शेडची किल्ली घेतली, पदर नाकाला लावला आणि आत जाऊन मशीनपाशी उभी राहिली. “चला,” ती म्हणाली. “कुठली रेघ बघायची ते दाखवा. मला अजून भाकरी टाकायच्या आहेत.”

दाजी उठून दारापर्यंत आले. मग आत गेले. दोन दिवस त्या शेडमधून लेथपेक्षा मोठा आवाज त्या दोघांच्या भांडणाचा येत होता. “हालवू नगंस गं!” “मी कुठं हलवतेय, तुमचं मशीनच थरथरतंय!” कडं नव्याने झालं. दाजी स्वतः ते चढवून द्यायला गेले आणि आबांचा शेवटचा वाफा कापून होईपर्यंत बांधावरून उठले नाहीत.

तेव्हापासून ताई रोज शेडमध्ये असते. गेल्या महिन्यात मी तिच्या मागे उभा होतो. ती चष्मा सावरून म्हणाली, “बावीस पॉइंट चार.” मी वाकून पाहिलं, तर बावीस पॉइंट तीन होतं. दाजींनी मान डोलावली, मशीनवरचा तुकडा उतरवला आणि तो गिऱ्हाइकाच्या यंत्रात अगदी बरोबर बसला. ती भाकरीला गेल्यावर मी हळूच विचारलं.

“दर टायमाला एक रेघ पुढची धरती,” दाजी म्हणाले. “पयल्या दिवसापासनं. वस्तू बसवून बघितली की कळतंय. मी तेवढं वजा करतो. तिला सांगू नगा.”

परवा त्यांना तपासणीला तळेगावला नेलं. भिंतीवरच्या तक्त्यातली आणखी एक ओळ या वेळी त्यांना वाचता आली नाही. बाहेर आल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “दाजी, पुढच्या वेळी ताईलाही आणू. तिचाही नंबर बदललेला दिसतोय, नवा चष्मा करून टाकू.”

दाजी पायरीवर थांबले. माझ्या खांद्याचा आधार घेत त्यांनी पायाने पुढची पायरी चाचपली.

“आणू की,” ते म्हणाले. “पर नवा चष्मा आला की ती किती चुकती ते मला पयल्यापासनं शिकावं लागंल, पाव्हणं. तेवढी सवड हाय का, ते ह्या डॉक्टरला इचारायचं ऱ्हाईलं.”