अंगणातलं स्वयंपाकघर आणि बाहेरची कडी

बाळांनो, तुम्ही मागच्या बागेत लाकडी सांगाड्याचं स्वयंपाकघर बांधायला काढलं आहे, त्याचा नकाशा पोचला. खांबांची जाडी, छपराचा उतार, ओट्याची उंची, सगळं नीट मांडलं आहे. "आजी, तुझ्याकडेही असंच होतं ना? काही सुचव," असं तुम्ही लिहिलंत. नकाशा उघडल्यावर मी आधी दार शोधलं. ते का, हे सांगितल्याशिवाय मला काही सुचवता येणार नाही.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहत होतो. चार गल्ल्या ओलांडल्या की द्राक्षांचे मळे लागायचे. तुमचे आजोबा सकाळी ओझरच्या कारखान्याच्या बसने जात आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. घरात गॅस होता, पण सिलिंडर संपला की दुसरा कधी येईल याचा नेम नसे. मग रॉकेलचा स्टोव्ह काढायचा. कुरडयांचा चीक शिजवणं, भाजणी भाजणं असली कामं घरात केली की भिंती काळ्या आणि डोळे लाल. म्हणून मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाजवळ, चुलीसाठी छप्पर घालायचं आम्ही ठरवलं.

नकाशा मीच काढला, आलेखाच्या वहीत. एक चौकोन म्हणजे अर्धा फूट. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद. सागवानी खांब सहा, प्रत्येकाखाली काळ्या दगडाचा तळखडा, म्हणजे लाकूड ओल्या मातीला टेकणार नाही. वर कौलं. वारा पश्चिमेचा, म्हणून त्या अंगाला फळ्यांची भिंत. बाकी तिन्ही बाजू उघड्या. सुतार पेठ तालुक्याकडचा होता, वयस्क, बोलण्यात तुटक, पण हाताने चोख. माझा कागद त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, शाळेत पोरांना शिकवता का घरं बांधायला?" मला ते फार आवडलं.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. सहा खांब उभे राहिले तेव्हा शेजारच्या मावशी कुंपणाच्या भिंतीशी आल्या. त्यांच्या घरात त्या, त्यांचा मुलगा आणि सून अशी तिघंच. सुनेचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. ती बाहेरून बी.ए. करत होती आणि दर गुरुवारी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येत असे. दिवाळीपासून तिचं येणं बंद झालं होतं. विचारलं तर भिंतीपलीकडूनच म्हणाली, "वेळ होत नाही, काकू." तिच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. दूध अंगावर सांडलं, असं मावशींनी सांगितलं. तिला विचारलं होतं मी, उत्तर त्यांनी दिलं.

"छान बांधताय हो," मावशी म्हणाल्या. "आमच्या राणीसाहेबांनाही असंच एक बांधून द्यावं म्हणते. माहेरी गॅस होता ना! आमच्या स्टोव्हचा वास सहन होत नाही. बाहेर मोकळ्या हवेत बसू दे. तुमचा कागद द्या बरं जरा."

मी खुशीने कागद दिला. वर चार सूचनाही केल्या.

इथे मला थोडं मागे जायला हवं. त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक सून जळून गेली होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं घरचे म्हणाले. आम्ही बायका भेटायला गेलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ओट्यावर स्टोव्ह होता. पितळेची टाकी चकचकीत, तीन पाय सरळ, कुठे पोचा नाही की काजळी नाही. तो मी पाहिला. माझ्या शेजारी मावशी उभ्या होत्या, त्यांनीही पाहिला. बाहेर येऊन कोणीतरी म्हणालं, असे कसे हो फुटतात स्टोव्ह, आणि मी म्हणाले, "जुना असेल." हे वाक्य माझं आहे. इतकी वर्षं ते मी कोणाला लिहून कळवलं नव्हतं.

नकाशा दिल्याला आठवडा झाला असेल. आमच्याकडे शेवटचे वासे चढत होते. सुतार खाली उतरला, डोक्याचा रुमाल सोडला आणि माझाच कागद माझ्यापुढे धरला. त्यावर शाईच्या पेनाने नव्या रेघा होत्या.

"शेजारच्या मावशींचं काम मलाच दिलंय. बघा जरा. मला काय बरं दिसंना."

मी पाहिलं. जागा बदलली होती. भिंतीलगत नव्हे, पार मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीआड, जिथे आमच्या खिडकीतून काही दिसलं नसतं. चारी बाजूंना वाशांपर्यंत फळ्या. दार एकच.

"कडी भायेरून हाय," तो म्हणाला. "मी इचारलं, आतून नको का? तर म्हनल्या, आतून कशाला, भांडी काय आतून कडी लावत्यात?" तो हसला नाही. "लय कामं केली बाई, पण चूल पेटवायच्या खोलीला अशी कडी नाय लावली कधी."

आजोबा कारखान्यातून आल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "अगं, कुत्री-मांजरं शिरतात, म्हणून बाहेरून कडी. आपल्या कोळशाच्या खोलीलाही बाहेरूनच आहे."

"आपल्या कोळशाच्या खोलीत आपण स्टोव्ह पेटवून बसत नाही."

"एका कडीवरून तू माणसांना खुनी ठरवणार?"

"आणि कडी खरीच त्यासाठी असली तर? ती पोरगी त्या कोपऱ्यात ओरडली तरी आपल्याला ऐकू येणार नाही."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तुला ज्या दिवशी जायचं असेल, त्या दिवशी मी घरी थांबतो."

मी दुसऱ्या दिवशीच गेले. हातात मोजपट्टी घेतली होती. ती कशासाठी, मलाही ठाऊक नव्हतं. बहुधा हात मोकळे राहू नयेत म्हणून. मावशी पुढच्या खोलीत गहू निवडत होत्या. आत सून पोळ्या लाटत होती, पोळपाटाचा आवाज येत होता.

"मावशी, नकाशा माझा आहे म्हणून आले. चारी बाजूंनी फळ्या मारल्या तर धूर जाणार कुठे?"

"वर ठेवू की चार बोटं फट."

"आणि आतून कडी?"

"अगंबाई!" त्या हसल्या. "पोरींच्या वह्या तपासता तशा आता आमच्या कड्या तपासायला निघालात होय?"

"मागच्या गल्लीत आपण गेलो होतो, आठवतं? ओट्यावर स्टोव्ह होता. अख्खा होता. मी पाहिला आणि तुम्हीही पाहिलात."

आतला पोळपाट थांबला.

मावशींनी सूप खाली ठेवलं. "काय बोलताय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. तेव्हा मी म्हणाले, जुना असेल. तुमच्या घरी काही झालं तर तसं म्हणणार नाही. पोलिसांत जाईन आणि तुमच्या रेघा असलेला तो कागद घेऊन जाईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आतल्या दाराकडे मान वळवून म्हणाल्या, "तवा तापलाय ना गं? लक्ष कुठंय तुझं?"

पोळपाटाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. बोलून मी तिचं रक्षण केलं होतं की तिच्यावरचा राग वाढवला होता, हे कळायला मार्ग नव्हता. शाळेतून परतताना गल्लीच्या कोपऱ्यावर मी थांबायचे. आधी पाहायचे, त्यांच्या फाटकाशी माणसं तर जमली नाहीत ना. रॉकेलचा वास आला की हातातलं काम टाकून मी भिंतीशी जाऊन उभी राहायचे. सुतार आमची कौलं चढवून गेला तो गेलाच. करवत मोडली, असा निरोप त्याने मावशींना धाडला. त्यांचं सागवान ताडपत्रीखाली पडून राहिलं. पण सुतार काय, नाशकात दुसरा मिळाला असता.

नवव्या दिवशी, भर दुपारी, मी आमच्या नव्या छपराखाली डाळ भाजत होते. वळून पाहिलं तर ती उभी. मावशी देवळात गेल्या होत्या. दार नव्हतंच, त्यामुळे ठोठावायचा प्रश्न नव्हता. ती पश्चिमेच्या फळ्यांना पाठ लावून बसली, तिच्या घरातून दिसणार नाही अशी.

"काकू, एक आंतरदेशीय पत्र मिळेल?"

मी पत्र आणि पेन दिलं. तिने चार ओळी लिहिल्या आणि डिंक जिभेने ओला करून पत्र बंद केलं. रडली नाही. उठताना फक्त म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बोललात ना, तोवर मला वाटत होतं, मलाच काहीबाही वाटतंय."

कोपऱ्यावरच्या पेटीवर माझा भरवसा नव्हता. नाशिक रोड स्टेशनपर्यंत रिक्षाने जाऊन मी ते टाकलं. पाचव्या दिवशी तिचे वडील आले. हिची आजी आजारी आहे, भेटायला नेतो म्हणाले. ती एका पिशवीनिशी फाटकाबाहेर पडली. आमच्या घराकडे तिने पाहिलं नाही. शहाणी होती. ती परत आली नाही.

मावशींनी ते स्वयंपाकघर कधी बांधलं नाही. सागवान दोन पावसाळे पडून राहिलं, ताडपत्री फाटली, मग कोणीतरी घेऊन गेलं. आमचं बोलणं थांबलं ते सहा-सात वर्षं. मग एकदा मी आमच्या छपराखाली कुरडया घालत असताना त्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते. काही प्रस्तावना नाही, काही नाही.

"ती कडी मांजरांसाठी होती," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं. "असेल," असं अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं आणि सोऱ्या पुन्हा हातात घेतला. त्या आत गेल्या.

तुमचा नकाशा परत पाठवते आहे. ओट्याची उंची दोन इंच वाढवा, पाठ दुखणार नाही. पूर्वेच्या बाजूच्या फळ्या मी निळ्या पेन्सिलीने खोडल्या आहेत. तिथून शेजाऱ्यांची खिडकी दिसते, असं तुम्हीच लिहिलं आहे. दिसू दे.