खडकावरची कालवं

आईचा चुलतभाऊ नाना याने जन्मात कधी पिकलेला आंबा खाल्ला नसेल. आमच्या दांडी गावातलं देवळामागचं आंब्याचं झाड सगळ्यांचं. त्यामुळे कैरी सुपारीएवढी झाली की नाना झाडावर. "पिकेपर्यंत राहील कशावरून?" तो विचारायचा. राहिली असती. झाडाला त्याच्याखेरीज दुसरा शत्रू नव्हता. मला पोहायला त्याने शिकवलं, तेवढं श्रेय देते. बाकी माणूस भित्रा, आणि आपल्या भित्रेपणाला तो हुशारी म्हणायचा.

गावासमोरच्या समुद्रातल्या खडकावर कालवं असायची, दगडाला घट्ट चिकटलेले खाण्याचे शिंपले. ओहोटीला आई आणि शेजारच्या बाया मोठी तेवढी टोचून काढायच्या, बारीक सोडायच्या. मग एका वर्षी मोजणीवाले आले आणि खडकावर लाल खुणा करून गेले. कोणी म्हणे इथे भराव पडणार, कोणी म्हणे नाही. नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. नानाने दुसऱ्याच दिवशी पहार आणली आणि तो खडकाचे पापुद्रेच उचकटायला लागला.

"नाना, बारीक तरी ठेव रे," आई म्हणाली.

"कोनासाठी? भराव आला का सगळीच मेली. मी नाय नेली तर दुसरा नेईल."

"दुसरा कोन? आमीच ना?"

"मंग तुमचाच काय भरोसा?" नाना हसत म्हणाला.

त्या हसण्याने गाव नासलं. थोड्याच दिवसांत बाया एकमेकींकडे न बघता पहारी घेऊन येऊ लागल्या. आई थांबली, बरीच थांबली. शेवटी एका ओहोटीला तीही पहार घेऊन गेली. भरलेली टोपली ओट्यावर ठेवली आणि त्या दिवशी जेवली नाही. नानाचं बाकी सगळं मी विसरेन, हे नाही.

भराव आलाच नाही. लाल खुणा भरतीने हळूहळू धुऊन नेल्या, खडक मात्र बोडका राहिला. आई बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. नानाला कोणी टोकलं की तो तोऱ्यात म्हणायचा, "आन आला असता तर?" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणूनच तो त्याला इतका आवडायचा.

गेल्या वर्षी नाना वारला. पुढचं बघणारा माणूस गेला, असं लोक म्हणाले. मला हसू आवरावं लागलं.

परवा आईच्या सुट्टीला आम्ही दोघी खडकावर गेलो. कपारीत नखाएवढी कालवं धरली होती, चांगली दाट. आईचा चेहरा उजळला. तिने ती बोटाने हलकेच चाचपून पाहिली. मग वळून सगळा किनारा न्याहाळला, आणि माझं मनगट धरून म्हणाली, "गावात कोनाला बोलू नको."