यादीतलं पहिलं नाव

राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षी मी तारनाक्याला सरकारी नर्सना साथीचं प्रशिक्षण द्यायचे. साथ आली की कोणी कोणाला फोन करायचा, सोबत काय घ्यायचं, किती वेळात पोचायचं, एवढंच. प्रशिक्षण कसं झालं हे ठरवायला शेवटच्या दिवशी एक फॉर्म वाटत. बिर्याणी खाऊन सगळ्या जणी सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करत. माझं डोकं फिरायचं.

एका बैठकीत मी बोलून बसले, “हे गुण बिर्याणीला मिळतात. न सांगता फोन करून बघा. तासाभरात आल्या, तर शिकवलेलं खरं.”

मोठे साहेब शांतपणे म्हणाले, “ठीक है. आपकेच बॅच से शुरू करते. नहीं आए तो क्लास बंद.”

मी जीभ चावली. नव्या राज्यात कुठला विभाग ठेवायचा, कुठला नाही, याची काटछाट चालूच होती, आणि या वर्गावर माझा फार जीव होता.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी यादीतल्या पहिल्या नर्सला फोन लावला. बाकीच्या सहा जणींना तिने कळवायचं आणि सगळ्यांनी आमच्या हॉलवर यायचं, असं ठरलेलं. “आबिड्स में कॉलरा. निकलो,” साहेब म्हणाले. “जी साब,” म्हणून तिने फोन ठेवला.

आणि मला आठवलं. तिची आठवड्यापूर्वीच दुसऱ्या राज्यात नेमणूक झाली होती. ती विजयवाड्याला होती, आणि यादी बदलायचं मीच विसरले होते. मी साहेबांना सांगून टाकलं. ते घड्याळ बघत बसले.

चाळीस मिनिटांत नारायणगुड्याची नर्स धापा टाकत आली, हातात सलाईनची पेटी. मग स्कूटीवरून दोघी. तास भरायच्या आत सहाही जणी. मला नाचावंसं वाटत होतं.

मी विजयवाड्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. “तू आता इकडची नाहीस, हे साहेबांना का नाही सांगितलंस?” मी हिंदीत विचारलं.

“बोलती तो साब दुसरा नाम धुंडते बैठते, मॅडम. बीमारी रुकती क्या उत्ते में?”

साहेबांनी पेन उघडलं. “इनके मार्कां कौनसी स्टेट को देना?”

डोळे पुसत मी म्हटलं, “मुझे दो, साब.”

त्यांनी दिले.