राजघराण्यातली कुत्री

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. बाबा मनमाडला रेल्वेत होते. ड्यूटीवरून आले की पत्रक लिहायला बसायचे, आणि छापून आलेल्या गठ्ठ्याच्या घड्या घालायचं काम माझं. जन्मावरून कोणी मोठं नाही की छोटं नाही, हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढच्या गोष्टीची लाज त्यामुळेच आहे.

नाशिकला नोकरी लागली तेव्हा सोबत माझी कुत्री होती. मनमाड स्टेशनबाहेर भज्यांच्या गाडीखाली सापडलेलं पिल्लू. बाबांनीच ते पिशवीत घालून घरी आणलं होतं. मैत्रिणीच्या खोलीवर आम्ही दोघींनी पंधरा दिवस काढले. फोनवर घराचं सगळं जमायचं, कुत्रीचं नाव काढलं की "आमची सोसायटी ऐकत नाही हो." एक बाई म्हणाल्या, "तिला गावी ठेवा, सुट्टीत भेटत जा." शेवटी मैत्रिणीच्या घरमालकाने बजावलं, शनिवारपर्यंत कुत्री बाहेर.

शुक्रवारी पाथर्डी फाट्याजवळ एक घर पाहिलं. मालक काका-काकू खाली राहायचे, वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. काकूंनी चहा दिला. काकांनी घसा साफ करून विचारलं, "तुम्ही मूळच्या कोण?"

या प्रश्नाची माझी तयारी लहानपणापासूनची. ताठ बसून म्हणाले, "बौद्ध. अडचण असेल तर आत्ताच सांगा."

काका गडबडले. "छे छे, आमच्याकडे तसलं काही नाही."

मनातल्या मनात मी जिंकले. चहा संपवला.

मग काकूंचं लक्ष दाराशी बसलेल्या कुत्रीकडे गेलं. "गावठी नाही ना गं ही? गावठी नको हं. कुठल्या उकिरड्यावरची असतात, काही भरवसा नसतो."

या प्रश्नाची तयारी नव्हती.

"नाही काकू. कारवान आहे. शिकारी कुत्री. पूर्वी राजेरजवाडे पाळायचे." तिच्या लांब पायांमुळे ते खपून गेलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "रक्तातच असतं ते. बघा ना, कशी शांत बसलीय."

"ते दिसतंच," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही राहायला गेलो.

काकू तिला 'राणीसरकार' म्हणून रोज दूध द्यायला लागल्या. महिन्याभराने बाबा आले. काकांनी त्यांना फाटकातच गाठलं. "साहेब, तुमच्या लेकीची कुत्री म्हणजे राजघराण्यातली! मी बघताक्षणी ओळखलं."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायाशी लोळण घेणाऱ्या कुत्रीकडे. "हो का," एवढंच म्हणाले. वर आल्यावर चप्पल काढता काढता बोलले, "आणि ती भज्यांची गाडी? ते संस्थान होतं का?"

"बाबा, घर मिळत नव्हतं."

"घर मिळत नाही म्हणूनच लोक खोटं आडनाव सांगतात, पोरी. त्यांच्यावर तू लेख लिहिला होतास. कडक होता. मी प्रती काढून वाटला."

त्या लेखात मी अशा लोकांना भित्रे म्हटलं होतं. त्यांच्या मुलांनी त्यांना जाब विचारावा, असंही लिहिलं होतं.

सकाळी मी ठरवूनच खाली उतरले. काकांना खरं सांगायचं, मग जे होईल ते होईल. कुत्री सोबत होती. काका काठी घेऊन फाटकातून दोन भटक्या कुत्र्यांना हाकलत होते. त्यांना पाहून आमची कुत्री शेपूट हलवत पुढे धावली.

"आवर गं तिला," काका ओरडले. "असल्यांत मिसळायला लागली तर बिघडेल."

बोलायची वेळ तीच होती. वाक्यं पाठ होती.

"हो काका," मी म्हणाले, आणि पट्टा ओढून तिला मागे घेतलं. वर गॅलरीत बाबा टॉवेल वाळत घालत होते. त्यांनी पाहिलं.