कुत्रीची उजळणी

मी पट्टा आणि खाऊची पिशवी हातात घेतली की आमची कुत्री पलंगाखाली शिरायला लागली. महिन्याभरापूर्वी तीच पिशवी पाहून ती घरभर गोल गोल फिरायची, शेपटीने स्टुलावरचा पेला पाडायची. आता पलंगाखालून फक्त दोन डोळे दिसत. खेळ तिला नको झाला होता, आणि मला वाटायला लागलं होतं की मीही तिला नको झाले आहे.

मी जवाहरनगरला सरकारी फॅक्टरीच्या ऑफिसात कारकून आहे. दिघोरीच्या धान पिकवणाऱ्या घरातली, आमच्यातली पहिली पदवीधर. परीक्षा पास झाले, नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. त्याच वर्षी कारध्याच्या पुलाजवळ ही सापडली. तळहाताएवढी, चिखलाने माखलेली. साधी गावठी कुत्री. मोठी झाली तशी काय पळायला लागली!

शेजारच्या काकू मुलाकडे पुण्याला चार महिने राहून आल्या आणि येताना एक वेड घेऊन आल्या. तिथे त्यांनी डॉग अ‍ॅजिलिटी पाहिली होती. कुत्र्याने उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघायचं, अरुंद फळीवरून चालायचं, आणि आपण त्याला हात न लावता नुसत्या इशाऱ्याने बरोबर धावायचं. काकूंनी क्वार्टरच्या मागच्या मैदानात नळाचे उरलेले पाइप, नातवाचा कापडी बोगदा, बांबू आणि विटांवर ठेवलेली एक फळी एवढ्यावर सगळं उभं केलं. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण कुत्री घेऊन जमायचो.

पहिल्या दिवशी आमची कुत्री बोगद्याच्या तोंडाशी थबकली, आत डोकावली आणि सुसाट दुसऱ्या बाजूने बाहेर! मी किंचाळलेच. ती वळून पुन्हा आत घुसली. कॉलेजचा निकाल लागला त्या दिवशीही मी इतकी नाचले नव्हते.

मग काकू म्हणाल्या, "संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळ्या क्वार्टरवाल्यांना बोलवू. पोहे, चहा, आणि आपली पोरं पळतील. नंबर-बिंबर काही नाही, गंमत."

गंमत हा शब्द मी ऐकलाच नाही. मला ऐकू आली परीक्षा. आणि परीक्षेचं काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण आयुष्यात जे मिळालं ते त्याच रीतीने मिळालं होतं. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. सकाळी सहाला उड्या, संध्याकाळी काठ्या, शनिवारी सगळ्याची उजळणी. एक काठी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. फळीवर ती पाय ठेवेना, तेव्हा मी तिला फळीसमोर अर्धा अर्धा तास उभी करायचे. पंधरा दिवसांत ती पलंगाखाली.

एका सकाळी तिला कशीबशी मैदानात आणली. फळीसमोर उभी राहून तिने तोंड भरून जांभई दिली.

"झोपाळू कुठची!" मी म्हटलं. "रात्रभर झोपते तरी पुरत नाही हिला."

"झोप नाही ती," काकू म्हणाल्या. "ताण आला की कुत्री जांभया देतात. ओठ चाटतात, मधेच कान खाजवतात, उगाच जमिनीचा वास घेत बसतात. बघ, सगळं करतेय बिचारी. तू काय पोलीस भरती घेतेस का हिची?"

मी हसले, आणि हसता हसता मला शाळा आठवली. सातवीत मला इंग्रजीचा धडा वाचायला उभं केलं की जांभया यायच्या. एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सर म्हणायचे, "झोप येऊन राहिली का? जा, बोरिंगवर तोंड धुऊन ये." मी धुऊन यायचे, पुस्तक उघडायचे, की पुन्हा जांभई. वर्ग हसायचा. सर मनाने फार चांगले होते. माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी तेच बाबांसोबत लाखांदूरपर्यंत आले होते, ते मी कधी विसरणार नाही. पण ती झोप नव्हती हे त्यांना कळलं नाही, आणि मलाही नाही. इतक्या वर्षांनी ते मला एका कुत्रीमुळे कळत होतं, आणि मी स्वतः तिला बोरिंगवर पाठवत होते.

मी वेळापत्रक फाडलं. चार दिवसांची रजा टाकली आणि ओळखीच्या गाडीत मागे बसून तिला दिघोरीला नेलं.

धान कापून झालं होतं. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आता लाखोरीची डाळ उगवली होती, म्हणून बाबांनी आधीच बजावलं, "तिकडे नको नेऊ. खळ्यावर काय करायचं थे कर." खळं शेणाने सारवलेलं, सपाट, पायाला खुंट टोचत नाही, आजूबाजूला माणूस नाही. काकूंनी सांगितलं होतं तसं मी केलं. बरोबर आणलेला पाइप जमिनीवरच आडवा ठेवला. त्याच्यावरून ती नुसती चालत गेली तरी उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि शाबासकी. दोन मिनिटं झाली की खेळ बंद.

बाबा धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून बसले होते. "सरकारनं तुले नोकरी कुत्रे पळवाले देली का वं?"

"व्यायाम आहे बाबा, तिचा."

"तिचा? धापा तं तूच टाकून राहिली!"

आई घरातून ओरडली, "तुमी नोका बोलू. तुमी तं बैलाले गाणे म्हणून दाखवत होते."

दुसऱ्या संध्याकाळी बाबा धुऱ्यावरून शेतात निघाले आणि कुत्री त्यांच्या मागे निघाली. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, जेमतेम वीतभर रुंद. ही त्याच्यावरून शेपटी वर करून दुडक्या चालीने चालली होती! आमची फळी त्याहून रुंद होती. म्हणजे भीती फळीची नव्हतीच. फळीशेजारी ताठ उभ्या राहिलेल्या माझी होती. मी पळत घरी गेले, दाराला आडवी लावायची जुनी लाकडी फळी आणली, खळ्यावर जमिनीला टेकवून ठेवली आणि स्वतः दूर जाऊन पाठ करून बसले. थोड्या वेळाने फळीवर नखांचा आवाज आला. टक टक टक. मग माझ्या पाठीवर दोन पाय.

"गेली वं, गेली!" बाबा धुऱ्यावरून ओरडले. त्यांच्या आवाजातला तो आनंद मी नोकरीचा कागद आला तेव्हा ऐकला होता.

तो रविवार आला. मैदानात शंभर तरी माणसं, पोरांचा गलका, पोह्यांचा वास. मी ठरवलं होतं, चारच अडथळे, आणि तिने नाही म्हटलं तर एकही नाही. आधी आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर लांब उभ्या राहिलो. तिने एकदा ओठ चाटले. मी आणखी मागे सरकले. कोणीतरी ओरडलं, "अवं ये ना इकडे, लाजून कायले राहिली?" मी हात हलवून नाही म्हटलं. अर्ध्या तासाने ती आपण होऊन बोगद्याकडे बघायला लागली, कान ताठ. मग मी पट्टा सोडला.

पहिली उडी, दुसरी उडी, काठ्यांमधली एक साफ चुकली, मला काही फरक पडला नाही, मी धावत होते, ओढणी कुठेतरी पडली होती, आणि फळी! विटांवरच्या फळीवरून ती अशी चालली की जणू तो दिघोरीचा धुराच आहे आणि खाली लाखोरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं घाबरेल. ती थेट पोह्यांच्या टेबलापर्यंत गेली, वास घेतला, आणि शंभर माणसांमधून वाट काढत माझ्याकडे पळत आली. पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागचा भाग वर केला आणि माझ्यावर भुंकली. एकदा, दोनदा. चल ना, अजून!

"आता थांबव!" काकू ओरडल्या. "हौस उरू दे!"

मी पट्टा लावला. ती बोगद्याकडे ओढत होती, मी घराकडे, आणि दोघींपैकी जास्त जोर तिच्यातच होता.