गाळणी, छत्री आणि सोनचाफा

परसातला सोनचाफा फुलून फुलून गळत होता आणि मी खिडकीतून नुसती बघत होते. हे गेले, सुतकात देवपूजा बंद, म्हणून फुलं कुणी काढलीच नाहीत. आता सुतक फिटलंय, तरी हात काही उचलेना. दुःख म्हणावं तर तेही नाही बघा. सगळं कसं बधिर.

ह्यांनी मोडक्या छत्रीच्या दांडीला चहाची गाळणी बांधून फुलं काढायचं यंत्र केलं होतं. फूल गाळणीत अलगद पडायचं, पाकळीला डाग नाही. मी करवादले होते, "आता चहा कशातून गाळू, तुमच्या टोपीतून?"

तेवढ्यात शेजारची सुनंदा आली. "काकू, आज तरी देवाला दोन फुलं वाहा," म्हणत तिनं दाराआडचं ते यंत्र माझ्या हातात दिलं.

मी झाडाखाली जाऊन दांडी उंच केली. गाळणी खालच्या फांदीलासुद्धा पोचेना. दोन वस्तू जोडल्यात असंच आम्ही धरून चाललो होतो. ह्यांचा उंच हातही त्यात जोडलेला होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. घराघरांतल्या किती वस्तू अशा कुणाच्या तरी हाताच्या मापाच्या असतील.

"स्टूल आणू का?" सुनंदानं हळूच विचारलं.

"आण. पण घट्ट धर हं. मी पडले, तर बिचाऱ्या देवांना पुन्हा सुतक!"

हसावं की नाही, हे तिला कळेना. मी पदर खोचला आणि स्टुलावर चढले.